इलॅस्टिक चिकटपट्टी (खेळातील दुखापती)

ताणली की लांबणारी, सोडली की आखडणारी आणि एका बाजूला चिकट लेप असलेली कापडी पट्टी. मुरगळलेल्या सांध्याला खेळताना आधार देण्यासाठी ती वापरतात. औषधाच्या दुकानात बरेच जण ती ‘डायनाप्लास्ट’ या व्यापारी नावानेच मागतात. तिच्या लेपात बहुधा झिंक ऑक्साइड असते.

क्रेप बँडेज वेगळे. ते चिकटत नाही, धुऊन पुन्हा वापरता येते आणि ताज्या दुखापतीला तेच योग्य. घोटा मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस सूज वाढत असते. त्या वेळी चिकटपट्टी गोल आवळली तर आतली सूज वाढते, पट्टी मात्र सैल होत नाही आणि रक्तपुरवठा अडतो. सर्वात जास्त चुका इथेच होतात. खेळाडू लंगडत बाहेर येतो, कोणीतरी पट्टी आवळून त्याला पुन्हा मैदानात पाठवतो. हे कधीही करू नये. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर पट्टी बाजूला ठेवून आधी एक्स-रे काढावा.

रुंदी सांध्याप्रमाणे निवडतात : बोटाला २.५ सेंमी, मनगटाला ५, घोट्याला ७.५, गुडघ्याला व मांडीला १०. सांधा अजिबात हलू द्यायचा नसेल तर न ताणणारा कडक टेप लागतो. स्नायू फुगतो-आखडतो त्या पोटरी-मांडीवर मात्र ताणणारी पट्टीच बरी.

घोटा बांधताना पाऊल नडगीशी काटकोनात ठेवावे. केस काढलेले, त्वचा धुऊन पूर्ण कोरडी केलेली हवी. घोट्याच्या वर चार-पाच बोटांवर एक वेढा न ताणता द्यावा. तिथून पट्टी पायाच्या आतल्या बाजूने खाली, टाचेखालून, बाहेरच्या बाजूने वर ओढून घ्यावी. ही दिशा महत्त्वाची आहे : पाऊल बहुधा आत वळून मुरगळते आणि बाहेरचा अस्थिबंध (हाडे जोडणारा पट्टा, लिगामेंट) दुखावतो, म्हणून ओढ बाहेरच्या बाजूला हवी. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा, मग इंग्रजी आठच्या आकड्याचे वेढे द्यावेत. गोल वेढ्यांसाठी पट्टी रोलवरून आधी सोडवून घ्यावी. रोल ताणतच पायाभोवती फिरवला तर ती नकळत घट्ट बसते. शेवटी पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडावे. पांढरे पडलेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले नाही, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर सगळे सोडून नव्याने बांधावे.

साताऱ्यात या पट्टीची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा असतो. उतारावर घोटा जास्त वळतो आणि पावसाने, घामाने पट्टी सुटू लागते. शिवाय अर्धा तास पळल्यावर कोणत्याही पट्टीचा आधार बराच सैल पडतो. २१ किलोमीटरला अर्धा तास कुठे पुरतो? म्हणून एका पायावर तोल सांभाळण्याचा रोजचा व्यायाम पट्टीपेक्षा भरवशाचा. तरी पूर्वी मुरगळलेल्या घोट्याला ती पुन्हा मुरगळण्यापासून काही अंशी वाचवते, हे खरे.

दुसरे ठिकाण म्हणजे तालीम. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव या जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. लाल मातीत तेल, हळद, ताक मिसळलेले असते आणि पैलवानाच्या अंगालाही तेल चोळलेले. तेलकट कातडीवर लेप धरत नाही, त्यामुळे तालमीत पट्टी बांधायची तर आधी साबणाने पाय धुवावा लागतो.

उघड्या जखमेवर, पुरळावर किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या पायावर ही पट्टी लावू नये. काहींना लेपाची ॲलर्जी असते. खाज सुटली की लगेच काढावी. काढताना बोथट टोकाची कात्री वापरावी आणि पट्टी वर न उचलता त्वचेलगत मागे दुमडत सोलावी. फारच चिकटली असेल तर कडेने खोबरेल तेल सोडून दोन मिनिटे थांबावे.