हिमाचा कच्चा थर आणि तोफेपुढचा मोकळा उतार

हिमालयात ट्रेकला निघालेल्या पुणेकर तरुणांना हमखास बजावले जाते, की बर्फाच्या उताराखाली ओरडू नये, आवाजाने हिमस्खलन होते. हा समज चुकीचा आहे. आरोळीने हवेत निर्माण होणारा दाब काही पास्कल इतकाच भरतो. साचलेले हिम मोडायला शेकडो पास्कल लागतात. तेवढा दाब स्फोटाने मुद्दाम निर्माण करून, रस्त्यावर कोसळू शकणारे हिम वाहतूक थांबवून आधीच पाडण्याचे काम मात्र अनेक थंड देशांत दर हिवाळ्यात चालते, आणि त्या वेळी डोंगरावर कोणी स्कीइंग करत नसल्याची खात्री करणे हा त्यातला सर्वांत अवघड भाग असतो.

हिमस्खलन का होते, याचे कारण हिमाच्या आत दडलेले आहे. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास असते, तर पृष्ठभाग कितीतरी थंड असतो. हिमाचा एकूण थर पातळ असला आणि तापमानातील हा फरक दर मीटरला सुमारे 10 अंशांहून अधिक झाला, की खालच्या उबदार कणांवरून निघालेले बाष्प वरच्या थंड कणांवर गोठते आणि एकमेकांना घट्ट धरून असलेल्या गोलसर कणांच्या जागी मोठे, पैलूदार, सुटे स्फटिक वाढतात. या कच्च्या थरावर वाऱ्याने आणलेले हिम दाबून बसले, की त्याची सलग लादी बनते. कच्चा थर एका ठिकाणी चिरडला, की तेथे लादीचा आधार जातो, ती किंचित वाकते, त्या वाकण्याने शेजारचा थर चिरडतो, आणि ही मोडतोड सेकंदाला वीस-तीस मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने पसरत जाते. उतार 30 ते 45 अंशांचा असेल, तर अख्खी लादी सुटते. म्हणूनच पायथ्याच्या सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाच्या वजनानेही वरचा उतार सुटू शकतो. मला या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, आणि हिमस्खलनाला दैवी कोप म्हणणाऱ्यांनी ती आवर्जून समजून घ्यावी.

कॅनडातील रॉजर्स पास या खिंडीत 4 मार्च 1910 रोजी, आधीच्या हिमस्खलनाने अडलेला लोहमार्ग मोकळा करणाऱ्या 58 कामगारांवर समोरच्या डोंगरावरून दुसरे हिमस्खलन आले आणि ते सर्व मरण पावले. 1962 मध्ये तेथून महामार्ग सुरू झाला, आणि आज सैन्याचे तोफखाना पथक 105 मिलिमीटरच्या तोफांनी त्यावरचे उतार मोकळे करते. खंडाळा घाटात सैल दरडी काढताना द्रुतगती मार्गावर ब्लॉक घेतात, तशी वाहने रोखणे तेथेही सोपे आहे. परंतु स्कीअर पहाटेच डोंगरात शिरलेला असू शकतो, आणि तोफा पूर्वी मोजून ठेवलेल्या कोनांवरून अंधारात, हिमवर्षावातही डागल्या जातात. त्यामुळे तेथे डोंगराचे विभाग पाडलेले आहेत, प्रत्येक विभाग त्या दिवशी खुला की बंद हे रोज जाहीर होते, आणि अशा विभागात शिरायला परवाना लागतो. बंद विभागात एक जण जरी दिसला, तरी तोफ थांबवावी लागते, वर हिम साचत राहते आणि खाली रस्ता अडकून पडतो. न फुटलेला गोळा हिमात पडून राहण्याचा धोका वेगळाच.

मारा संपला म्हणजे बंदीही संपली, असे मात्र नाही. गोळा फुटूनही जो उतार सुटला नाही, त्याचा कच्चा थर तसाच शिल्लक असू शकतो. स्फोटाचा दाब जेथे पोहोचला नाही, तेथे तो पुढच्या वजनाने मोडू शकतो, आणि ते वजन एका स्कीअरचे असू शकते.