दोष मोटरचा की अर्थचा?

जुलैमधल्या एका संध्याकाळी विक्रोळीजवळ, भर पावसात, माझ्या गाडीचे वायपर मंदावले. अंधारलं म्हणून दिवे लावले, तर पाती आणखीच जड झाली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ऐकलं, "मोटर गेली, बदला." दिवे लावताच फरक पडला होता, म्हणून मला ते पटेना.

वीज बॅटरीतून निघते, फ्यूज, स्टिअरिंगजवळची दांडी आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) पार करून मोटरपर्यंत जाते. परतीची वाट मात्र गाडीचा पत्राच असतो, आणि त्यालाच आपण अर्थ म्हणतो. वायर पत्र्याला जिथे बोल्टने जोडलेली असते, तिथे मुंबईची खारी, दमट हवा गंज चढवते. दिव्यांचा अर्थही त्याच बोल्टवर असेल, तर दिवे लागताच तिथे दाटी होते.

इथे मल्टिमीटर हमखास फसवतो. मोटरचा कपलर (वायरिंगचा प्लग) काढून आत मीटर लावला की 12 व्होल्ट दिसतात आणि आपण वायरिंगला निर्दोष ठरवतो. पण प्रवाह वाहतच नसेल तर गंजलेला सांधा व्होल्ट खाणार कसा? एका तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा तेव्हा पूर्ण दाब दाखवते. मोटर 5 अँपिअर घेत असेल आणि सांध्याचा रोध 0.4 ओहम असेल, तर 2 व्होल्ट तिथेच संपतात. शिवाय 10 वॉट उष्णता तयार होते, ती सांधा आणखी बिघडवते.

म्हणून काच ओली करून वायपर चालू ठेवावेत आणि तेव्हाच मोजावं. मीटरची एक सळई मोटरच्या अर्थच्या टोकाला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला. 0.2 व्होल्टच्या आत आकडा असेल तर वाट मोकळी आहे. माझ्या गाडीत तो दीडच्या वर होता. बोल्ट सँडपेपरने घासला, घट्ट आवळला, आणि वायपर पूर्वीसारखे फिरले. मोटर जुनीच आहे.

मोटर खरोखर दोषी असते तेव्हाही ती खुणा देते. बऱ्याच मोटरींत तीन कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे, असतात: एक सामाईक, एक सावकाश गतीचा, एक वेगाचा. वेगाचा कार्बन सामाईक कार्बनच्या समोरासमोर नसून तिरका बसवलेला असतो. त्यामुळे मोटर फिरताना स्वतःच निर्माण करत असलेला उलटा दाब कमी पडतो आणि ती जास्त वेगाने फिरते. म्हणून एकच गती बंद पडली तर अर्थ आणि फ्यूज बहुधा ठीक आहेत. आधी दांडीतला स्विच तपासावा, मग तो कार्बन. बंद केल्यावर पाती अधेमधेच थांबत असतील तर मोटरच्या गिअरजवळचा, पाती ठरल्या जागी थांबवणारा पार्किंगचा संपर्क पाहावा. मोटरचा आवाज येतो पण पाती हलत नाहीत, तर बिघाड विजेचा नाहीच, नट किंवा पाती हलवणारा दांडा निसटला आहे.

फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर जास्त अँपिअरचा कधीही घालू नये. मग फ्यूजऐवजी वायर तापते.

माझ्या बोल्टवर गंज चढवणारं पाणी आलं कुठून? काचेखालच्या जाळीत पर्जन्यवृक्षाचा पाला साचून निचऱ्याचं भोक बुजलं होतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी मे संपायच्या आत ती जाळी एकदा हाताने साफ करावी.