‘इंट स्टार पी’च्या आधी

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं), पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारं व्हेरिएबल, सीमध्ये ‘int *p’) आणि डेटा स्ट्रक्चर (माहितीची मांडणी) हे तिघे बहुधा एकाच प्रोग्रॅममध्ये भेटतात. बायनरी ट्रीचं ट्रॅव्हर्सल, म्हणजे दोन-दोन फांद्या फुटणाऱ्या झाडाची फेरी, लिहायचं तर प्रत्येक नोडमध्ये (फांदी फुटते त्या जागी) दोन पॉइंटर आणि स्वतःलाच दोनदा बोलावणारं फंक्शन आलंच. त्यामुळे ही एकाच घरातली भावंडं असावीत असं वाटतं. प्रत्यक्षात तिघे तीन गावांचे आहेत. सी या भाषेत त्यांचा एकत्र संसार मांडला गेला तो नंतर, एका ठरावीक मशीनवर आणि ठरावीक अडचणींतून. आज विद्यार्थी जिथे हमखास अडखळतो, तिथे खणलं तर त्या वेळची एखादी तडजोड सापडते.

गणिताला रिकर्शन नवं नव्हतं. प्रॅक्टिकलला रिकर्शनसाठी येणारं ‘टॉवर ऑफ हनॉय’ हे कोडं फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये बाजारात आणलं, आणि सोबत काशीच्या मंदिरातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची दंतकथाही जोडून दिली. त्या ६४ चकत्या हलवायला १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली लागतात. ६४ बिटांच्या अनसाइन्ड पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी संख्या नेमकी हीच.

संगणकाच्या भाषांना मात्र रिकर्शन सहजासहजी पचलं नाही. आयबीएम ७०४ साठी १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान या भाषेत प्रत्येक व्हेरिएबलला मेमरीत एकच ठरलेली जागा असे, आणि १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीत सबरूटीन (फंक्शनसारखा स्वतंत्र तुकडा) आल्यावरही तेच. सबरूटीनने स्वतःलाच पुन्हा बोलावलं की आधीचे आकडे पुसले गेलेच म्हणून समजा.

त्याच सुमारास न्यूएल, शॉ आणि सायमन हे अमेरिकी संशोधक यंत्राकडून तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करून घेत होते. सिद्धता किती लांबेल हे आधी कळत नाही, मग जागा राखून ठेवायची तरी किती? त्यावर त्यांनी १९५६ च्या सुमारास आयपीएल या भाषेत उपाय काढला: प्रत्येक कप्प्यात थोडा माल ठेवायचा आणि पुढच्या कप्प्याचा पत्ताही. हीच लिंक्ड लिस्ट. १९५८ मध्ये एमआयटीत जॉन मॅकार्थींनी लिस्प ही भाषा बांधायला घेतली तेव्हा ही यादी आणि रिकर्शन यांची जोडी जमली. यादी म्हणजे एक डोकं आणि उरलेली यादी, अशी व्याख्या केली की तिच्यावर चालणारं फंक्शन आपसूक रिकर्सिव्ह होतं.

समितीने घडवलेल्या अल्गोल ६० या भाषेत रिकर्शन कसं आलं, तो किस्सा तर नाटकात शोभावा. जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला समितीची बैठक झाली, पण रिकर्शनला स्पष्ट मंजुरी मिळाली नाही. फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅमहून व्हान वाइनगार्डन आणि डाइक्स्ट्रा यांनी अहवालाचे संपादक पीटर नाउर यांना फोन केला, आणि अहवालात एक साधंसं वाक्य वाढलं: प्रोसीजरच्या आत तिचंच नाव आलं तर तो तिला बोलावणं समजावं. समितीतले फ्रिडरिश बाउअर यावर नाराज होते. गंमत अशी की ज्या स्टॅकच्या (शेवटी ठेवलेलं आधी काढायचं, अशी मेमरीतली चळत) जोरावर रिकर्शन चालतं, त्याच्या कल्पनेचं पेटंट १९५७ मध्ये जर्मनीत ज्यांनी मागितलं त्या दोघांपैकी एक हेच बाउअर. दुसरे क्लाउस झामेलझोन. फोनचा परिणाम लवकरच दिसला. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांना क्विकसॉर्ट (यादी क्रमाने लावायचं तंत्र) सुचलं होतं मॉस्कोत शिकत असताना, पण ते नीट मांडता येईना. १९६१ मध्ये ब्रायटनला अल्गोल ६० च्या वर्गात बसल्यावर ते काही ओळींत उतरलं.

सीचं घराणं याहून वेगळं. पॉइंटर व्हेरिएबल उच्चस्तरीय भाषेत आणण्याचं श्रेय पीएल/वन या भाषेसाठी काम करणाऱ्या हॅरल्ड लॉसन यांना देतात. सीने मात्र आपला पॉइंटर उचलला बीसीपीएलकडून. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्सच्या या १९६७ च्या भाषेला टाइप, म्हणजे मूल्य कोणत्या जातीचं आहे, हा प्रकारच ठाऊक नव्हता. मेमरी म्हणजे नंबर घातलेल्या खोल्यांची चाळ, आणि पॉइंटर म्हणजे खोलीचा नंबर, एक साधा पूर्णांक. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसनने पीडीपी-७ या संगणकाच्या तुटपुंज्या मेमरीत बसेल अशी तिची आटोपशीर आवृत्ती केली, ती बी.

मग पीडीपी-११ आलं. या मशीनमध्ये प्रत्येक बाइटला स्वतंत्र नंबर होता आणि पूर्णांक दोन बाइट व्यापत होता. शेजारच्या पूर्णांकाकडे जायचं तर नंबर एकाने नाही, दोनाने वाढवायला हवा. बीला हे कसं कळणार? पॉइंटर कशाकडे बोट दाखवतो आहे हे भाषेला माहीत असणं भाग पडलं. टाइप येण्यामागचं हे एक मोठं कारण. आज पूर्णांक चार बाइटचा असतो, तेव्हा ‘पी अधिक १’ केल्यावर पत्ता चारने का वाढतो, या ओरलच्या लाडक्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट ॲरेची, म्हणजे सलग खोल्यांच्या रांगेची. बीमध्ये दहाचा ॲरे मागितला की दहा खोल्या मिळत, शिवाय अकरावी एक, जिच्यात पहिल्या खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असे. ॲरेचं नाव म्हणजे ती चिठ्ठी. बीवरून सी घडवणाऱ्या डेनिस रिचीने हीच पद्धत पुढे चालवून पाहिली आणि तो अडकला तो स्ट्रक्चरपाशी, म्हणजे वेगवेगळ्या जातीची मूल्यं एकत्र बांधणाऱ्या साच्यापाशी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिरेक्टरीतली एक नोंद १६ बाइटची होती: दोन बाइट आयनोड नंबरचे (फाइलचा अंतर्गत क्रमांक), पुढे चौदा अक्षरांचं फाइलचं नाव. डिस्कवरचे हे बाइट जसेच्या तसे स्ट्रक्चरमध्ये उतरायला हवे होते. मग नावाच्या ॲरेची चिठ्ठी ठेवायची कुठे? रिचीने चिठ्ठीच काढून टाकली. एक्स्प्रेशनमध्ये ॲरेचं नाव आलं की त्या क्षणी पहिल्या घटकाचा पत्ता तयार करायचा, तो कुठे साठवून ठेवायचा नाही. टाइप नसलेल्या बीसीपीएलपासून टाइप असलेल्या सीपर्यंतच्या वाटेवरची निर्णायक उडी हीच, असं त्याने पुढे १९९३ मध्ये लिहिलं. फंक्शनला ॲरे पाठवला की आत पोचतो तो नुसता पत्ता, म्हणून आकार मोजणारं साइझऑफ तिथे भलतंच उत्तर देतं, त्याचा उगम त्या चौदा अक्षरांत आहे.

पॉइंटरच्या स्टारचा (*) गोंधळ मात्र निव्वळ अपघात. बीसीपीएल आणि बीमध्ये पत्त्यावरून मूल्य काढायचं चिन्ह नावाच्या आधी येई, तसंच ते सीत आलं. ते पास्कल भाषेसारखं नावाच्या नंतर असतं, तर फंक्शनकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरचं डिक्लेरेशन वाचताना कंसांची जत्रा भरली नसती. रिचीनेही हे मोकळेपणाने मान्य केलं होतं.

१९७३ पर्यंत स्ट्रक्चर भाषेत नीट बसलं आणि त्याच उन्हाळ्यात युनिक्सचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, सीमध्ये नव्याने लिहिलं गेलं. सीमध्ये फंक्शन कॉल अगदी स्वस्त आहे, असं रिची तेव्हा ज्याला त्याला सांगत असे. सहकारी स्टीव्ह जॉन्सनने नंतर तक्रार केली की ते खरं नव्हतं, पण कळेपर्यंत सगळ्यांना छोटी छोटी फंक्शनं लिहायची सवय लागून गेली होती! कर्निहॅन आणि रिची यांच्या सीवरच्या पुस्तकाच्या १९८८ च्या आवृत्तीत सूचीमध्ये ‘रिकर्शन’पुढे त्याच सूचीच्या पानाचा नंबर दिला आहे, तेवढा खट्याळपणा त्यांनी करून घेतला.

आपल्याकडच्या एका मोठ्या पिढीला सी भेटली ती युनिक्सवर नव्हे, तर बोरलँड कंपनीच्या टर्बो सी या कंपायलरच्या निळ्या स्क्रीनवर, आणि अनेकांना नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांतून. टर्बो सी १९८७ चं, ८०८६ च्या घराण्यातल्या प्रोसेसरसाठी. तिथे मेमरी ६४ केबीच्या सेगमेंटमध्ये तोडलेली, म्हणून पॉइंटरच्याही निअर, फार आणि ह्यूज अशा जाती. ही विभागणी सीची नसून त्या प्रोसेसरची होती, पण अभ्यासक्रमात ती सीच्याच नावावर जमा झाली. इंट दोन बाइटचा, हे पाठांतरही तिथलंच. लिनक्सवर चार उत्तर आलं की मुलं कंपायलरवर संशय घेत.

दुसरा फरक अधिक महागात पडला. डॉसमध्ये मेमरीला कसलंच संरक्षण नव्हतं. भरकटलेला पॉइंटर कुठेही लिहून येई आणि प्रोग्रॅम खुशाल पुढे चाले. तोच प्रोग्रॅम लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरवर टाकला की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून आडवा होई. होअर यांनी १९६५ मध्ये अल्गोल डब्ल्यूसाठी नल रेफरन्स (कशाकडेच बोट न दाखवणारा संदर्भ) आणला आणि २००९ मध्ये त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. त्या चुकीची खूण टर्बो सीमध्ये प्रोग्रॅम संपता संपता उमटत असे. डेटा सेगमेंटच्या सुरुवातीला बोरलँडने स्वतःची कॉपीराइटची ओळ ठेवलेली असे आणि शेवटी ती तपासली जाई. बिघडलेली आढळली, म्हणजे कोणीतरी शून्य पत्त्याच्या आसपास लिहून आलंय. मग स्क्रीनवर ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ अशी ओळ येई. तोपर्यंत लिंक्ड लिस्ट बरोबर छापून झालेली असे. जर्नलमध्ये आउटपुट उतरवताना शेवटची ओळ तेवढी गाळली जाई.