ब्रागांझा घाट लोहमार्ग : वहनक्षमता आणि विस्तार

गोव्यातील कुळे आणि कर्नाटकातील कॅसलरॉक या स्थानकांदरम्यान सह्याद्री चढून जाणारा सुमारे २६ किमी. लांबीचा एकेरी लोहमार्ग. पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्यावरून या घाटाला नाव मिळाले. मुरगाव बंदराला दख्खनच्या पठाराशी जोडणारा हा मार्ग सध्या दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येतो.

ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात डिसेंबर १८७८ मध्ये झालेल्या करारातून या मार्गाची योजना पुढे आली आणि बांधणीसाठी ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली. मार्ग नेमका केव्हा खुला झाला याविषयी एकमत नाही. १८८६, १८८७ आणि १८८८ अशी तिन्ही वर्षे आढळतात. किनाऱ्याकडील भाग आधी सुरू झाला व घाटाचे काम नंतर पुरे झाले, हे ध्यानात घेतल्यास हा फरक बहुधा टप्प्यांचा असावा. संपूर्ण जोडणीसाठी १८८८ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. ज्या कराराच्या बळावर मार्ग उभा राहिला तो करार मात्र १८९२ मध्ये संपुष्टात आला आणि अपेक्षेइतकी वाहतूक कंपनीला मिळाली नाही. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केल्यावर सीमेपलीकडची रेल्वे वाहतूक थांबली व ती मुक्तीनंतरच पूर्ववत झाली. मूळच्या मीटरगेज मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर १९९० च्या दशकात झाले.

या मार्गाच्या क्षमतेचा प्रश्न मुख्यतः चढाचा आहे. येथील कमाल चढ ३७ मीटरांस एक मीटर असा आहे. याचा अर्थ असा की, एक हजार टन वजनाची गाडी या चढावर नुसती धरून ठेवण्यासाठीही सुमारे २७ टनांचे बळ लागते. ती ओढून वर नेण्याचा हिशेब त्यानंतरचा. त्यामुळे भरलेल्या मालगाडीला पुढील इंजिनांखेरीज मागून ढकलणारी ‘बँकर’ इंजिने जोडावी लागतात. ही इंजिने पुढच्या गाडीसाठी पुन्हा कुळ्याला आणावी लागतात, आणि ती एकटीच उतरली तर तेवढा वेळ मार्ग त्यांच्यासाठी अडून राहतो. उतरणाऱ्या गाडीची ब्रेकतपासणी करावी लागते व तिच्या वेगावर कडक बंधन असते. ताबा सुटलेली गाडी अडवण्यासाठी घाटात मुद्दाम वेगळे रूळ टाकलेले असतात. पूर्वी बळ्ळारी-होस्पेट भागातील लोहखनिज भरलेल्या वाघिणींतून घाट उतरत असे. आता मुरगावहून त्याच भागातील पोलाद उद्योगाकडे जाणारा आयात कोळसा घाट चढतो. जड भार चढणीच्या दिशेला आल्याने बँकर इंजिनांवरील अवलंबन वाढले, ही बाब चर्चेत फारशी येत नाही.

एकेरी मार्गाची क्षमता भारतीय रेल्वेत सामान्यतः स्कॉटच्या सूत्राने काढतात. दिवसाच्या १,४४० मिनिटांना, सर्वांत वेळखाऊ दोन स्थानकांमधील अंतर कापण्याचा वेळ अधिक स्थानकांनी गाडी सोडण्याची परवानगी देण्या-घेण्याचा वेळ, या बेरजेने भागून भागाकाराला ०.७ ने गुणतात. उदाहरणादाखल हे दोन वेळ ३५ व ५ मिनिटे धरल्यास उत्तर २५ येते, म्हणजे दोन्ही दिशांच्या मिळून दिवसाला २५ गाड्या. पहिला वेळ २५ मिनिटांवर आणता आला तर हीच संख्या ३३ होते. यावर सुचणारा उपाय म्हणजे करंझोळ आणि दूधसागर यांसारखी गाड्यांची अदलाबदल करणारी, म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांपैकी एकीला बाजूला थांबवून दुसरीला वाट देणारी, आणखी स्थानके बांधणे. परंतु मालगाडी मावेल अशा स्थानकाला जवळपास सातशे मीटर लांबीची, ४०० मीटरांस एक मीटरहून अधिक चढ नसलेली जागा लागते. बोगदे आणि दऱ्या यांच्यामध्ये अशी सपाटी काढायची तर डोंगर तरी कापावा लागतो किंवा उरलेला चढ अधिक तीव्र करावा लागतो.

म्हणून दुसरा मार्ग टाकण्याचा प्रस्ताव पुढे आला. होस्पेट ते वास्को या दुपदरीकरणातील कॅसलरॉक-कुळे हा टप्पा भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यानातून जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात, दुपदरीकरणाने रेल्वेजाळ्यातील अत्यंत अकार्यक्षम टप्प्याची क्षमता किरकोळच वाढेल, असे मत दिले. गाड्यांची अदलाबदल टळल्याने होणारा लाभ पाहता ‘किरकोळ’ हा शब्द अभियांत्रिकीच्या दृष्टीने कडक वाटतो. तथापि चढ, बँकर व ब्रेकतपासणी ही तिन्ही बंधने दुसऱ्या रुळावरही तशीच राहतात, हा समितीच्या म्हणण्याचा गाभा नाकारता येत नाही. न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, मात्र सखोल अभ्यासानंतर नवा प्रस्ताव मांडण्याची मुभा ठेवली.

पावसाळ्यात दरडींमुळे ही क्षमता आणखी घटते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणकडील पुरामुळे कोकण रेल्वे बंद पडल्यावर मंगळूरहून मुंबईस जाणारी एक गाडी या घाटातून वळवण्यात आली आणि दूधसागरनजीक दरड कोसळून ती रुळांवरून घसरली; प्रवासी सुखरूप राहिले. पर्यायी मार्ग म्हणून घाटावर भार येतो तो असा नेमका अतिवृष्टीच्या दिवसांत.

सपाटीवरील दुपदरीकरणाला झालेला विरोध वेगळ्या कारणांचा आहे. गोव्यातील वेळसांव, कासावली या भागांत जुनी घरे रुळांना अगदी लागून असल्याने जमिनीची मालकी, घरांना बसणारे हादरे आणि कोळशाची धूळ हे मुद्दे पुढे आले. ‘गोंयांत कोळसो नाका’ या घोषणेखाली १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री चांदर येथे लोक मोठ्या संख्येने रुळांवर जमले होते.