दशावतारातला संकासुर वेगळा, नमनातला वेगळा

माझं आजोळ कुडाळ तालुक्यातलं आणि घर संगमेश्वर तालुक्यातलं. म्हणजे आईकडे दशावतार, वडिलांकडे नमन, ही कोकणातली दोन लोकनाट्यं. यंदा शिमग्याला चुलतभावाची बायको पहिल्यांदाच गावी आली. ती साताऱ्याची. अंगणात काळ्या कपड्यांतला संकासुर, म्हणजे राक्षसाचं सोंग, नाचायला लागला तशी ती हळूच म्हणाली, "दशावतार तो हाच ना?" आमच्या काकूने तिला तिथल्या तिथे सांगितलं, "नाय गं बाय, दशावतार तिकडे तळकोकणात. हे नमन."

वहिनीचा घोटाळा होणं साहजिक होतं. दोन्हीकडे सुरुवात गणपतीने, दोन्हीकडे बायकांची कामं परंपरेने पुरुषांनी केलेली, दोन्हीकडे संकासुर आणि दोन्हीकडे रात्र जागवायची. त्यात १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, तोवर सगळा मिळून एकच रत्नागिरी जिल्हा. (गणपतीतली जाखडी, म्हणजे बाल्या नाच, ही तिसरीच गोष्ट. तिला यात आणायचं नाही.)

दशावतार जत्रेचा. कार्तिकापासून एकेका गावची जत्रा लागते. देवाची पालखी देवळाला फेऱ्या घालते आणि मग उत्तररात्री नाटक उभं राहतं. ते करणारी मंडळी बाहेरची. पेटारा घेऊन आज या गावात, उद्या त्या गावात फिरणारी. सिंहासन म्हणून एक बाकडं, साथीला पेटी, पखवाज आणि झांज, आणि उजाडताना दहीहंडी फोडून शेवट. म्हणून आजी त्याला दशावतार म्हणायचीच नाही, 'धयकालो' म्हणायची.

नमन शिमग्याचं, आणि करणारे वाडीतलेच. मुंबईहून रजा टाकून आलेला चाकरमानी, शाळेतला पोरगा, भातशेती करणारा काका. मृदंग आणि झांजांवर आधी देवांना नमन, मग गण, गवळण, सोंगं आणि शेवटी वग. हे नमन इतकं सावकाश चालतं की 'नमनाला घडाभर तेल' ही म्हण आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मुंबईतल्या नाट्यगृहांत 'बहुरंगी नमन' लागतं ते यातलंच.

इथवरचा फरक जाहिरात वाचूनही कळेल. मला जास्त मोलाचा वाटतो तो हसण्यातला फरक.

दशावतारातला संकासुर बोलतो. त्याने ब्रह्मदेवाचे वेद चोरलेत आणि पुढे विष्णूच्या हातून त्याला मरायचं आहे. पण आख्यानाआधीच्या आडदशावतारात तो येतो तेव्हा तो राक्षस कमी आणि गावातला तोंडाळ भाऊजी जास्त. त्याची भाषा मालवणी. लहानपणी एका जत्रेत ऐकलेलं वाक्य मला अजून पाठ आहे: "वेद चोरूक माका दर्यात बुडी मारूची लागली. हयसर घोव बायलेच्या डब्यातले पैशे चोरता, तेका बुडी मारूची गरज नाय!" बायकांच्या बाजूला एकच हशा उठला. आजी पदर तोंडाला लावून हसत होती आणि आजोबा टक लावून पखवाजाकडे बघत होते.

आजीने घरात हे कधीच बोलून दाखवलं नसतं. बाहेरगावचा नट, राक्षसाच्या सोंगात, देवळासमोर बोलला म्हणून चाललं. त्याला आजोबांचं नावही ठाऊक नव्हतं. पुढे आख्यानातही हेच होतं. लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता कथानक ठरतं आणि संवाद ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचे. सत्यभामा रुसली की कृष्णाची ती समजूत घालणं रंगलं तर अर्धा तास चालतं आणि त्यात कुणाच्याही माजघरातली वाक्यं येतात. आमच्या आजोळी कुणी मुद्द्यावर येईना की मामी अजून म्हणते, "आडदशावतार पुरे, आता आख्यान लाव."

नमनातल्या संकासुराची गंमत जिभेत नाही, अंगात आहे. उंच काळी टोपी, पांढरी दाढी, लोंबणारी लाल जीभ, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो खुळखुळत धावत आला की पोरं माजघरात पळतात, आणि थोड्या वेळाने तीच पोरं आजोबांच्या पायाआडून डोकावतात. आमच्या वाडीत तान्हं मूल आणून त्याच्या हातात देतात. मुलाने एकदा भोकाड पसरलं की घरात सगळ्यांना बरं वाटतं.

नमनात संसाराचं बोलते ती मावशी, गवळणीतली. ती गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघते. वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात आणि दान मागतात. मग मावशी घासाघीस करते. आमच्याकडे मावशी म्हणजे माझा काका. आणि त्याच्यापुढे हात पसरून उभा राहणारा कृष्ण त्याचाच पुतण्या. प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला दोघांचं नातं माहीत, त्यामुळे निम्मा विनोद अंगणात येण्याआधीच पिकलेला असतो. दशावतारात परका नट तुमचं घर ओळखतो, इथे तुमचं घरच सोंग घेऊन येतं.

काका घरात चार वाक्यांच्या वर बोलत नाही. पण त्या रात्री काकूचीच साडी नेसून, काकूसारखाच पदर खोचून, किल्ल्यांवर हात ठेवून तो कृष्णाला म्हणाला, "पहाटे उठून धारा काढल्या, दूध तापवलं, दही विरजलं, ताक घुसळलं, मडकी डोक्यावर घेऊन दोन कोस चालले. आणि तू रस्त्यात बसून वाटा मागतोस?" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. साताऱ्याची वहिनीही हसली, कारण ती उभं राहण्याची ढब तिने दोनच दिवसांत ओळखली होती.

काकू मात्र हसली नाही. पहाटे काका तोंडाचा रंग पुसत पडवीत बसला होता. तिने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे दिसतं तुम्हांला सगळं."

दुसऱ्या रात्री खालच्या वाडीत नमन होतं. ट्रंकेतली चांगली साडी तिने स्वतःहून काढून दिली आणि निऱ्या कशा धरायच्या तेही दाखवलं.