लिदीच्या उबेवर पिकलेले अननस

थंडीतल्या पहाटे उकिरड्यातून वाफ निघताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हेलिगनच्या बागेची युक्ती लगेच कळेल. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, ट्रेमेन घराण्याचा हा वाडा. त्याच्या बागेत एके काळी अननस पिकत. पोर्तुगीजांबरोबर नावासकट आपल्याकडे आलेलं हे फळ कोकणात उघड्यावर येतं. तिकडच्या थंडीत त्याचं रोप एक हिवाळाही काढणार नाही.

म्हणून जमिनीत शेजारी शेजारी तीन लांब चर बांधले. मधल्यात अननसाच्या कुंड्या, वर काचेचं तिरकं छप्पर. दोन्ही बाजूंच्या चरांत घोड्यांची ताजी लीद ठासून भरायची. लीद आणि त्यातलं गवत कुजवताना जिवाणूंच्या श्वसनातून उष्णता सुटते. असा ढीग आतून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. मधल्या विटांच्या भिंतींना मुद्दाम भोकं ठेवलेली, त्यांतून ऊब कुंड्यांकडे जाई. लीद इथे खत नाही, शेगडी आहे! पण ही शेगडी काही आठवड्यांत निवते. मग जुनी लीद उपसा, नवी भरा. फळ हाती यायला दोन-तीन वर्षं लागत, आणि तेवढा काळ हे काम चुकवून चालत नसे.

बागेभोवतीच्या उंच भिंतींनाही असंच काम होतं. हेलिगन साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो. पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. इतकं तिरपं ऊन जमिनीवर पसरून पातळ होतं, पण दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर जवळजवळ सरळ पडतं. हिशेब केला तर तेवढ्याच जागेवर भिंतीला जमिनीच्या तिपटीहून जास्त ऊन मिळतं. दिवसा तापलेली वीट रात्री ती ऊब हळूहळू सोडते. भिंतीला टेकवून वाढवलेल्या पीचचा लवकर आलेला मोहोर त्यामुळे हिमापासून वाचतो.

हे सगळं माणसांच्या हातांवर चालत होतं. बागेतल्या एका खोलीत, चुन्याच्या भिंतीवर, माळ्यांनी पेन्सिलीनं आपली नावं लिहिली आहेत. खाली तारीख : ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. त्यातले अनेकजण परतले नाहीत. लीद बदलायला कुणी उरलं नाही, आणि काटेरी झुडपांनी बाग गिळली.

१९९० मध्ये टिम स्मिट आणि ट्रेमेन घराण्यातले जॉन विलिस झुडपं तोडत आत शिरले, तेव्हा ती नावं सापडली. मला या बागेतलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. पुढे चर दुरुस्त झाले, पुन्हा गाड्या भरभरून लीद आली, आणि १९९७ मध्ये त्याच खड्ड्यात अननस पिकले.