अँटासिड जेल: वजन तेच, गुण मात्र वेगळा

छातीतली जळजळ शमवणाऱ्या पांढऱ्या, दाटसर औषधाच्या बाटलीवर ‘ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, इतके मिलिग्रॅम’ असं छापलेलं असतं. ते औषध पोटात किती काम करणार, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे जेल एकदा स्वतः करून पाहिलं की त्यामागचं कारण समजतं.

उपाशीपोटी जठररसाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण १.५ ते ३.५ असतो. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची गाठ पडली की क्षार आणि पाणी तयार होतं. हिशेबाने एक ग्रॅम शुद्ध हायड्रॉक्साइडने सुमारे ३८ मिलिइक्विव्हॅलंट (आम्ल-अल्कलीच्या हिशेबाचं एकक) आम्ल संपवायला हवं. हे झालं कागदावरचं.

करायची रीत तशी साधी. धुण्याच्या सोड्याचं, म्हणजे सोडियम कार्बोनेटचं गरम द्रावण घ्यायचं आणि त्यात तुरटीचं गरम द्रावण ढवळत ढवळत थोडं थोडं सोडायचं. कार्बन डायऑक्साइडचा फेस भराभर वर येतो, म्हणून भांडं मोठंच लागतं. फेस बसला की खाली पांढरा, बुळबुळीत साका उरतो. तो गाळून गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा. धुणं कधी थांबवायचं हे गाळलेलं पाणीच सांगतं: त्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकल्यावर पांढरा गढूळपणा आला, तर तुरटीतलं सल्फेट अजून शिल्लक आहे.

या ओल्या साक्यात रेणूंची मांडणी विस्कळीत असते, त्यामुळे आम्ल सहज आत शिरतं. पण साका नुसता ठेवला, तरी दिवस जातील तसे रेणू एकमेकांना बांधले जाऊन स्फटिकासारखी शिस्तशीर रचना होऊ लागते. मग आम्लाला शिरायला वाव उरत नाही. वाळवल्यावरही हेच होतं, उष्णतेने तर अधिकच. वजन तेच, रसायनाचं नावही तेच, पण आम्लाशी अभिक्रिया मंदावलेली. साक्यात अडकून राहिलेलं थोडं कार्बोनेट ही शिस्त लागू देत नाही. सॉर्बिटॉलचाही तसाच उपयोग होतो. चवीला गोड म्हणून घातलेला हा पदार्थ औषधाचं आयुष्यही वाढवतो, हे मला फार आवडतं.

म्हणूनच आम्ल शमवण्याची क्षमता मोजणं ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चाचणी. बाटली नीट हलवून मोजून जेल घ्यायचं, त्यात पाणी आणि ३० मिलिलिटर १ नॉर्मल (दर मिलिलिटरला १ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे एकूण ३०) हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ३७ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं ढवळायचं. नंतर उरलेलं आम्ल ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने, पीएच ३.५ वर स्थिर होईपर्यंत, टायट्रेट करायचं, म्हणजे ब्युरेट या खुणांच्या नळीतून थोडं थोडं सोडून मोजायचं. ब्युरेटमधून २० मिलिलिटर गेले, तर १० मिलिइक्विव्हॅलंट आम्ल उरलं होतं. म्हणजे जेलने २० संपवलं. वेळेची मर्यादाही विचारपूर्वक घातलेली आहे. रिकाम्या जठरातून औषध लवकर पुढे सरकतं, त्यामुळे तासाभराने जागं होणारं जेल काय कामाचं? शेवटाजवळ, पीएच ३.५ च्या आसपास, मीटरचा आकडा चढतो आणि पुन्हा घसरतो, कारण द्रावणात विरघळलेलं ॲल्युमिनियम घातलेलं सोडियम हायड्रॉक्साइड हळूहळू खात असतं. तिथे घाई करू नये.

नुसत्या ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडने मलावरोध होतो, तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने जुलाब. दोन्ही एकत्र घालायची पद्धत यातूनच पडली. ही अँटासिडं टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकांना बांधून त्यांचं शोषणही कमी करतात, म्हणून दोन्ही एका वेळी घेत नाहीत.

दाटपणा व्हिस्कोमीटरवर पाहतात. बाटली स्थिर असताना कण तळाशी बसू नयेत आणि हलवल्यावर औषध सहज ओतता यावं, असं दुहेरी वागणं झँथन गमसारख्या दाटकांमुळे साधतं. मोजपात्रात ठेवून साका किती खाली बसला आणि हलवल्यावर तो पुन्हा एकसारखा होतो का, हेही तपासतात. तळाशी घट्ट वडी झाली, तर पहिल्या चमच्यात पाणी आणि शेवटच्यात सगळं औषध अशी गत होते.

जंतूंकडे दुर्लक्ष करून चालत नाही. द्रव औषधांत जंतू वाढू नयेत म्हणून सर्रास वापरले जाणारे पॅराबेन पीएच ८ च्या वर दुबळे पडतात आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असलेल्या जेलचा पीएच तिथवर सहज जातो. त्यात भरपूर पाणी आणि सॉर्बिटॉल, म्हणजे जंतूंची सोयच. त्यामुळे एकूण जंतूंची संख्या मोजतात आणि ई. कोलाय हा आतड्यातला जंतू नाही याची खात्री करून घेतात.